नाताळची न्याहारी (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि घाटाच्या तोंडाशी असलेला हल्याळ-जोयडाचा पट्टा या भागातल्या ख्रिस्ती घरांत २५ डिसेंबरच्या सकाळी कॅथलिकांची मिस्सा किंवा प्रोटेस्टंटांची उपासना आटोपल्यावर होणारे पहिले खाणे. मराठी बोलणाऱ्या प्रोटेस्टंट घरांत याला ‘नाताळचा फराळ’ म्हणतात, शहरात नुसता ‘नाष्टा’ही चालतो. सगळीकडे सारखा असा ठरलेला बेत नाही. सान्नां, पाव, नेवऱ्या किंवा करंज्या, चकली, शंकरपाळे, रव्याचा केक आणि आले घातलेला चहा यांतले काय ताटात येईल, हे घर घाटाखालून वर आले की आधीपासून घाटावरचेच आहे, यावर बरेचसे ठरते. पंथाचा प्रश्न त्यानंतरचा.

या भागातला ख्रिस्ती समाज दोन वाटांनी घडला. पहिली वाट गोव्याची. खानापूर तालुक्यात आणि त्याच्या आसपास गोव्यातून घाट चढून आलेली कॅथलिक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आहेत. त्यांची घरातली भाषा कोकणी आणि बाजाराची मराठी. शाळेत आता कन्नडही. दुसरी वाट इंग्रजांच्या छावणीची. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि दोनच वर्षांत, १८२० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर येथे येऊन राहिले. हे मिशन पुढे मेथडिस्टांकडे गेले. कॅम्पातल्या गोऱ्या शिपायांचा केक आणि मिशनच्या आवारातल्या देशी घरांची करंजी अशी त्या काळी शेजारीशेजारी शिजत होती. बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत मात्र १९५३ चा. तोवर हा भाग गोव्याचा महाधर्मप्रांत आणि पुण्याचा धर्मप्रांत यांत मोडत असे.

उपास : ही न्याहारी एवढी भरगच्च का, याचे कारण जिभेपेक्षा नियमात सापडते. जुन्या कॅथलिक रिवाजाप्रमाणे ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घेणाऱ्याने आदल्या मध्यरात्रीपासून अन्नच काय, पाण्याचा थेंबही घ्यायचा नसे. पहाटेची मिस्सा, तीन-चार मैलांची पायपीट, डिसेंबरची थंडी आणि रिकामे पोट. घरी परतल्यावर चूल पेटवून मग काही करू, हे चालण्यासारखे नव्हते. म्हणून तयार, टिकाऊ आणि नुसते गरम केले की वाढता येईल असेच पदार्थ या सकाळसाठी रूढ झाले असावेत. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याची मुभा दिली, १९५७ मध्ये घन अन्नाची मर्यादा तीन तासांवर आणली आणि १९६४ मध्ये सहावे पॉल यांनी ती एका तासावर आणली. नियम सैल झाला तरी ‘मिस्सा होईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही’ ही आज्ञा घरोघरी टिकून आहे. अर्थात तिचा पहिला भंग कुलकुलांच्या (मैद्याच्या गोड तळणाच्या) डब्यापासूनच होतो आणि तो कुणी केला हे सगळ्यांना ठाऊक असते.

सान्नां : घाटाखालून आलेल्या घरांत नाताळची सकाळ सान्नांवरून ओळखावी. दिसायला ती इडलीच, आणि शिजवायलाही हल्ली इडलीपात्रच वापरतात. पण इडलीतला उडीद सहसा यात नसतो. तांदूळ पाच-सहा तास भिजवून, साधारण निम्मे खोवलेले खोबरे आणि मूठभर शिजलेला भात घालून वाटायचा, चवीला किंचित साखर, आणि आंबवायला माडी (कोकणीत ‘सूर’). माडीने सान्नाला जो गोडसर आंबूस वास येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. पण माड समुद्रकाठचा. घाटावर ताजी माडी रोज मिळणे कठीण, आणि बाटलीतून घाट चढवलेली माडी वाटेतच आंबून जाते. त्यामुळे बेळगावात यीस्ट रुळले. जुन्या बायका अजून म्हणतात की सान्नां ‘फुगतात खरी, पण वास नाही गं’. त्यांचे खरे आहे.

तांदळाची निवडही पाहण्याजोगी. खानापूरचे भात नोव्हेंबरात कापून होते, म्हणजे नाताळाला घरात नवा तांदूळ असतो. तरी सान्नांना तो घेत नाहीत. नवा तांदूळ चिकट असतो, त्याची सान्नां दडस होतात. नव्याची खीर करायची, सान्नांना जुनाच काढायचा. याहून मोठी अडचण थंडीची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबरच्या पहाटे पारा बऱ्याचदा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो. पणजीत दोन-तीन तासांत वर येणारे पीठ इथे रात्रभर जागचे हलत नाही. म्हणून पिठाचे पातेले वाकळीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायचे, किंवा पाणी तापवून बंद कपाटात पातेल्याशेजारी ठेवायचे. मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतल्यावर कपडे बदलण्याआधी आधी झाकण उघडून पाहिले जाते.

सान्नांबरोबर सोरपोतेल. डुकराचे मांस आणि काळीज बारीक चिरून, तळून, सुक्या मिरच्या-मसाल्याच्या वाटणात व्हिनेगर घालून केलेले हे कालवण दोन-तीन दिवस आधीच करतात आणि रोज एकदा उकळी देऊन ठेवतात. व्हिनेगरने ते टिकते आणि मुरते, म्हणजे उपासाच्या सकाळी फक्त तापवायचे काम उरते. ज्या घरांत डुक्कर चालत नाही तिथे कोंबडीचे शाकुती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचे कालवण) किंवा नारळाच्या रसातली बटाट्याची भाजी. लहान मुलांना सान्नावर काकवी. ही काकवीची जोड घाटावरची : नाताळ येतो तो गुऱ्हाळांच्या ऐन हंगामात, आणि निपाणी-संकेश्वरकडून ताजी काकवी सहज येते.

गोव्याशी असलेली ही नाळ एकदा तुटायची पाळी आली होती. मार्मागोव्याहून कॅसल रॉकपर्यंतचा लोहमार्ग १८८८ पासून चालू होता, आणि लोंढा, कॅसल रॉक येथे रेल्वेत नोकरीला असलेली ख्रिस्ती कुटुंबे वस्तीला होती. १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहानंतर भारताने गोव्याची हद्द बंद केली, गाडीही थांबली. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. नाताळला सहा दिवस उरले होते.

फराळ : मराठी प्रोटेस्टंट घरांची न्याहारी वेगळ्या घडणीची. सकाळची उपासना, मग एकमेकांना शुभेच्छा, मग ताटे. ताटात करंजी, चकली, शंकरपाळे, चिवडा, बेसनाचा लाडू, एखाद्या घरी अनारसेही. बाजूला गरम पुरी-भाजी किंवा उप्पीट. दिवाळीतल्या फराळाहून यात काही वेगळे शोधायला गेले तर फक्त महिना वेगळा सापडतो. धर्म बदलला तेव्हा देव बदलला, सोऱ्या आणि करंजीचे कातणे तेच राहिले. कॅथलिक घरातली ‘नेवरी’ म्हणजेही करंजीच. सारणात ओले खोबरे की सुके, इतकाच वाद, आणि तो दर वर्षी होतो. कुलकुले मात्र गोव्याची : मैद्याची गोळी काट्याच्या किंवा नव्या कंगव्याच्या दातांवर दाबून वळायची, तळायची, साखरेत घोळवायची. हे काम आठवडाभर आधी सगळे घर मिळून करते. दोदोल (तांदळाचे पीठ आणि नारळाच्या रसाची मऊ मिठाई) गोव्यात माडाच्या काळ्या गुळाचा करतात; इथे उसाच्या गुळावर भागवतात, त्यामुळे रंग फिका येतो आणि चव जरा उथळ. बेळगावचा कुंदा कुणीतरी पाहुणा आणतोच, आणि गोकाकचे करदंट (डिंक-सुक्या मेव्याची वडी).

ताट ज्या शब्दांनी भरते त्यांतही घाटाखालची भर आहे. पाव, काजू, बटाटा हे तिन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. ‘नाताळ’ हा शब्दही त्यांचाच. ज्या घरात नाताळ नसतो त्या घरातही त्यामुळे रोज सकाळी थोडी पोर्तुगीज बोलली जाते.

केक : नाताळ म्हटले की चित्रात केक येतो, पण या भागातल्या न्याहारीत तो सर्वांत उशिरा रुळलेला आणि सर्वांत कमी इथला पदार्थ. रममध्ये सुका मेवा भिजवून केलेला काळपट केक हा छावणीचा वारसा. खेड्यांत त्याच्या जागी रवा-खोबऱ्याचा केक (गोव्याचा ‘बाथ’) केला जाई : जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण, झाकणावर निखारे, खालीही निखारे. शहरात घरी ओव्हन नसत तेव्हा मिश्रण डब्यांत घालून बेकरीच्या लाकडी भट्टीवर नेत, आणि डबे अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येक घर आपल्या डब्याला खूण करी. आता बहुतेक केक विकतच येतो. वाइनचा घोट काही घरांत मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर केकबरोबर घेतात, सकाळी चहाच.

ताटे वाटणे : न्याहारी घरच्यांची होण्याआधी शेजाऱ्यांची ताटे भरली जातात. विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट मराठा, लिंगायत, मुसलमान, जैन शेजाऱ्यांकडे जाते, आणि कुणाकडे काय चालते हे ताट भरणारीला पाठ असते. अंड्याचा केक आणि सोरपोतेलाच्या डावाने वाढलेले काही शाकाहारी घरी जाता कामा नये, म्हणून नेवऱ्या, कुलकुले यांचा वेगळा डबा आधीच काढून ठेवतात. ताट रिकामे परत येत नाही. दिवाळीची परतफेड म्हणून किंवा निदान चिमूटभर साखर घालून येते.

दहा-साडेदहाला हे सगळे आवरते, कारण दुपारच्या मटणाचा कांदा तोवर चुलीवर पडलेला असतो. उरलेली सान्नां दुसऱ्या दिवशी आडवी कापून तव्यावर तूप सोडून भाजतात. सोरपोतेल त्या दिवशी आणखी मुरलेले असते, आणि त्या सकाळी मिस्सेची घाईही नसते.