भाच्याचा बँड इंडी की इंडी रॉक?

गोव्यात फोंड्याला बहिणीच्या घरामागे नारळ ठेवायची एक खोली आहे. गेल्या पावसाळ्यात तिथले नारळ पडवीत आले आणि खोलीत ड्रम, दोन गिटार नि एक बास गेला. भाचा आणि त्याचे तीन मित्र तिथे स्वतःची गाणी बसवतात. "कसला रे तुमचा बँड?" म्हणून विचारलं, तर भाचा म्हणाला, "इंडी, मामा." ड्रमवाला म्हणाला, "इंडी रॉक." आपण दोघांनी एकच उत्तर दिलं असं त्यांना वाटलं. पण इंडी म्हणजे इंडिपेंडंट, मोठ्या रेकॉर्ड कंपनीवाचून चालणारा, आणि इंडी रॉक हा गिटारवाल्या संगीताचा एक प्रकार. ती उत्तरं दोन होती, आणि एकमेकांशी त्यांचा संबंध असेलच असं नाही.

नाटकाच्या गावात वाढलेल्याला हे समजायला जड जाऊ नये. जत्रेला गावातली पोरं वर्गणी काढून नाटक उभं करतात, ते हौशी नाटक. 'हौशी' या शब्दावरून पैसा कुणाचा ते कळतं. 'संगीत नाटक' म्हटलं की पडदा वर गेल्यावर कानावर काय पडणार ते कळतं. हौशी मंडळ संगीत नाटक करतं. उलट मंगेशीच्या दीनानाथांची १९१८ साली निघालेली बळवंत संगीत मंडळी ही पुरी धंदेवाईक कंपनी होती. इंडी हा शब्द 'हौशी'च्या खात्यातला, इंडी रॉक 'संगीत'च्या. (फरक एवढाच की इंडीवाल्याला त्यातून पोट भरायचं असतं. आपला हौशी नट शाल-श्रीफळावर खूश.)

घोळ मुळात झाला ब्रिटनमध्ये. १९८० च्या जानेवारीत तिथे इंडी चार्ट, म्हणजे खपाची यादी, सुरू झाला. त्यात शिरायला एकच अट होती: रेकॉर्ड दुकानापर्यंत मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून आलेली नसावी. गाणं कसं वाजतं याची चौकशी नव्हती. पण त्या यादीत गिटारवाल्या पोरांची गर्दी होत गेली. रफ ट्रेड या छोट्या लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं, १९८३ मध्ये द स्मिथ्स या बँडशी करार केला आणि तसली खणखणीत, थोडी उदास गिटार पुष्कळांच्या हातात आली. १९८६ मध्ये न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकानं अशा २२ बँडांची एक कॅसेटच काढली. तोवर हिशोबाचा शब्द आवाजाचं नाव होऊन बसला होता.

त्यानंतर एक असू शकतं आणि दुसरं नसू शकतं. ओएसिस या ब्रिटिश बँडला सगळं जग इंडी म्हणायचं. त्यांचं लेबल क्रिएशन. पण १९९२ मध्येच क्रिएशनचा जवळजवळ अर्धा हिस्सा सोनी या बड्या कंपनीनं घेतलेला होता आणि ओएसिसचा पहिला अल्बम आला १९९४ मध्ये. कानाला इंडी, खातेवहीत नाही.

उलट बाजूचं उदाहरण शोधायला मला शिवोलीच्या पलीकडे जावं लागत नाही. तिथले गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ चा 'गोवन क्रेझी' हा अल्बम घरातच चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केला. वाद्यं त्यांनीच वाजवली, आवाजही त्यांचेच. मग कॅसेट स्कूटरवर घालून ते दुकानादुकानांत पोचवत फिरले. नंतर सीबीएस ही मोठी रेकॉर्ड कंपनी त्यांच्याकडे आली ती वेगळी गोष्ट. त्या कॅसेटला कुणी इंडी रॉक म्हणणार नाही. तिच्यात पॉप आहे, गोंयची भाषा आणि थट्टा आहे. पण हिशोबाच्या अर्थानं याहून इंडी काय असतं? आमच्या पोरांना ब्रिटनमधल्या शेफिल्डचे बँड तोंडपाठ आहेत, ही स्कूटर मात्र मला सांगावी लागली. थोडं वाईट वाटलं.

शेफिल्डचं नाव निघालंच आहे तर आर्क्टिक मंकीज. त्यांच्यात दोन्ही गोष्टी जुळल्या, म्हणून नवे बँड त्यांच्याकडे बघतात. २००२ मध्ये जमलेली ही पोरं कार्यक्रमांत डेमोच्या सीडी फुकट वाटायची. ऐकणाऱ्यांनी त्या इंटरनेटवर चढवल्या. २००५ मध्ये त्यांनी डॉमिनो या स्वतंत्र लेबलशी करार केला. २००६ च्या जानेवारीत आलेला पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांवर खपला. म्हणजे लेबल असलं म्हणून इंडीपण जात नाही. लेबल कुणाचं, ते बघायचं.

पण ती युक्ती गोव्यात जशीच्या तशी चालत नाही. शेफिल्डमध्ये या शुक्रवारी सीडी घेतलेला पोरगा पुढच्या शुक्रवारी दोन मित्रांना घेऊन येत होता. इथे ऑक्टोबर ते मार्च सीझन. हणजूण-वागातोरच्या शॅकमध्ये आज टाळ्या वाजवणारा परवा विमानात बसतो. शिवाय त्याला हवी असतात ओळखीची गाणी, म्हणून पोरं तीन तास दुसऱ्यांची गाणी वाजवतात आणि मध्ये हळूच आपलं एक सरकवतात. रात्री दहाला उघड्यावरचा आवाज बंद, आणि आपलं गाणं नेमकं पावणेदहाला येतं. नव्या बँडचं नाव इथे वाढतं ते पणजी, मडगाव, फोंड्यात, जिथे तीच चाळीस माणसं पुन्हा येतात. पैसा किनाऱ्यावर, श्रोता आत. माझ्या मते पोरांनी पावसाळा रेकॉर्डिंगला आणि आतल्या गावांना द्यावा.

रेकॉर्डिंग झाल्यावर ते लोकांपर्यंत पोचवायला आता स्कूटर लागत नाही. वितरण करणारी ॲप्स वर्षाची फी घेतात, गाणं सगळीकडे चढवतात आणि मालकी तुमच्याकडेच ठेवतात. पोरं त्यांना लेबल समजतात. ती लेबलं नव्हेत, ती पार्सल पोचवणाऱ्या आंगडियासारखी. पैशाची आशा मात्र बेताची ठेवावी: मागच्या १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याचे पैसे स्पॉटिफाय २०२४ पासून मोजतच नाही.

गेल्या महिन्यात मुंबईहून एका कंपनीची मेल आली. तुमचा इंडी आवाज आवडला, आमच्याकडे या. भाचा नाचायचा तेवढा राहिला. मी म्हटलं, आवाज इंडी आहे हे त्यांनी लिहिलंय, हिशोब काय होणार ते जोडपत्रात असेल. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सही करूनही पुरता जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, मुलूख लिहिलेला नसेल तर फक्त भारत. मात्र लिहिलेलं असलं की लिहिलेलं चालतं. म्हणून आधी मुदतीचं कलम शोध म्हटलं.

चौथ्या पानावर सापडलं. मुदत लिहिली होती: कायमची.