सर्बियन भाषेतील भविष्यकाळ

सर्बियनमध्ये भविष्यकाळ 'ह्तेति' (इच्छिणे) या क्रियापदाच्या आखूड रूपांनी होतो: चु (मी), चेश (तू), चे (तो, ती, ते), चेमो (आम्ही), चेते (तुम्ही), चे (ते अनेक). एकवचनी आणि अनेकवचनी 'चे' सारखेच असल्याने कर्ता संदर्भावरून ओळखावा लागतो. इथला च 'चार'मधला, जिभेचा मधला भाग टाळूला लावून काढलेला, 'चमचा'तला नव्हे. तो दुसरा, दंत्य उच्चारही सर्बियनमध्ये आहे, पण त्याला वेगळे अक्षर आहे. 'इच्छिणे'पासून भविष्यकाळ घडवण्याची रीत बल्गेरियन, ग्रीक, रुमानियन आणि अल्बानियन या शेजारभाषांतही आहे.

शिकणाऱ्याला रूपे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. वेळ जातो तो 'चु'ची जागा बसायला. मराठीत 'करीन'मधला 'ईन' धातूला कायमचा चिकटलेला असतो. सर्बियन 'चु' मात्र कधी चिकटतो, कधी सुटून पुढे जातो. तो वाक्याच्या आरंभी येत नाही. पहिल्या शब्दाच्या किंवा शब्दगटाच्या लगेच मागे बसतो. 'रादिति' म्हणजे काम करणे. वाक्य क्रियापदानेच सुरू झाले, तर शेवटचा 'ति' गळून 'रादिचु' असा जोडशब्द होतो. आधी दुसरा शब्द आला की 'चु' त्याच्या मागे जातो आणि 'ति' परत येतो: 'सुत्रा चु रादिति', उद्या काम करीन. 'चु रादिति' आणि 'सुत्रा रादिचु' ही नवशिक्यांची नेहमीची चुकलेली वाक्ये. 'इ' (आणि) हा शब्द मात्र या मोजणीत धरत नाहीत, म्हणून 'इ विदेचु गा' (आणि त्याला भेटेन) बरोबर. सर्वनामांची आखूड रूपेही 'चु'च्या मागेच रांग लावतात, आधी 'ला'चे, मग कर्माचे: 'दाचु ति गा' (तुला तो देईन), 'सुत्रा चु ति गा दाति'.

जोडताना दोन गट वेगळे वागतात. 'दोचि' (येणे), 'इचि' (जाणे), 'मोचि' (शकणे) यांच्या शेवटी 'ति' नसल्याने गाळायला काही उरत नाही आणि शब्द सुटेच राहतात: 'दोचि चु'. 'येस्ति' (खाणे), 'पास्ति' (पडणे) यांत 'ति' गेल्यावर स चा श होतो: 'येश्चु', 'पाश्चु'. क्रोएशियन लेखनात हे सगळे सुटेच लिहितात, 'रादित चु' असे. कानाला मात्र फरक जाणवत नाही.

सर्बियात मूळ रूपाऐवजी ('रादिति'सारख्या रूपाऐवजी) 'दा' आणि वर्तमानकाळही सर्रास चालतो: 'या चु दा रादिम'. इथे 'चु'ऐवजी लांब रूप 'होचु' घातले, तर 'मला काम करायचे आहे' असा अर्थ होतो. नकारात ही सोय नाही. 'नेचु दा रादिम' म्हणजे 'करणार नाही' आणि 'करायचे नाही' दोन्ही. कुठला ते बोलण्याच्या सुरावर ठरते. प्रश्न दोन प्रकारे येतो, 'होचेश लि दोचि?' किंवा 'दा लि चेश दोचि?', आणि उत्तर एका शब्दात पुरते: 'होचु' किंवा 'नेचु'.

क्रियापदांच्या जोड्या असतात, एक अपूर्णतादर्शक (काम चालू), दुसरे पूर्णतादर्शक (काम पुरे); त्यांतले एक निवडावे लागते. 'पिसाचु' (मराठी कानाला दचकवणारा शब्द) म्हणजे लिहीत राहीन, 'नापिसाचु' म्हणजे लिहून पुरे करीन. मराठी माणूस 'उद्या येतो' म्हणतो त्या अर्थी 'सुत्रा दोलाझिम' चालते, 'सुत्रा दोजेम' चालत नाही, कारण पूर्णतादर्शक क्रियापदाचा वर्तमानकाळ स्वतंत्र वाक्यात असा वापरत नाहीत.

त्याची जागा 'जेव्हा' आणि 'जर'च्या उपवाक्यात आहे. 'काद चेश दोचि?' म्हणजे 'कधी येशील?'. पण 'तू आलास की' म्हणायला 'काद दोजेश' लागते. तिथे 'चेश' घातला की प्रश्नच ऐकू येतो. मराठीत इथे भूतकाळ येतो, त्यामुळे 'आलास'चे शब्दशः भाषांतर करण्याचा मोहही टाळावा लागतो. पुढचे मुख्य वाक्य नव्याने सुरू झाले असे धरतात: 'काद स्तिग्नेम, याविचु से', पोचलो की कळवीन. अपूर्णतादर्शक क्रियापदांसाठी अशा उपवाक्यांत दुसरा भविष्यकाळ येतो: 'आको बुदेम इमाओ व्रेमेना, दोचि चु', वेळ असला तर येईन. बाई बोलत असेल तर 'इमाला'. पहिल्या भविष्यकाळात लिंगभेद नाही.

सरावासाठी एकच क्रियापद चार साच्यांतून फिरवावे: 'रादिचु', 'सुत्रा चु रादिति', 'नेचु रादिति', 'होचेश लि रादिति?'. मग तेच 'दोचि' आणि 'येस्ति' घेऊन. 'येस्ति'शी जीभ अडखळते, म्हणून ते शेवटी.

आग्नेय सर्बियाच्या बोलींत मूळ रूप जवळजवळ नाहीसे झाले आहे; तिथे 'चे रादिम' असा न बदलणारा 'चे' ऐकू येतो. प्रमाण भाषेत लिहिताना तो टाळतात.

एक वापर मराठी माणसाला आयताच येतो. 'बिति' (असणे) याचे भविष्य 'बिचे' अंदाजासाठीही वापरतात: 'बिचे कोद कुचे', घरी असेल, 'बिचे दा ये झास्पाओ', झोपला असेल.