एक्स (रोमन लिपीतील अक्षर)

एक्स हे रोमन लिपीतील चोविसावे अक्षर. एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरक्या रेषा एवढाच त्याचा आकार, कॅपिटल असो वा स्मॉल. लॅटिनमध्ये त्याचा उच्चार ‘क्स’, म्हणजे दोन व्यंजनांचा जोड. तो दोन अक्षरांनी लिहूनही भागले असते, त्यामुळे लॅटिनपुरते हे अक्षर तसे चैनीचे. पण ज्याच्यावाचून अडत नाही, त्याला हवे त्या कामाला जुंपता येते. एक्सचा पुढचा इतिहास बराचसा असाच घडला. देवनागरीतही क् आणि ष यांच्या जोडाला ‘क्ष’ असे वेगळे रूप मिळाले आणि वर्णमालेच्या शेवटी जागा मिळाली. एक्सही एके काळी शेवटीच होता.

या अक्षराचे मूळ ग्रीक लिपीत आहे. प्राचीन ग्रीसमध्ये प्रत्येक प्रदेशाची लिपी थोडी वेगळी होती. पूर्वेकडच्या आयोनियात या फुलीचा उच्चार ‘ख’सारखा होता आणि ‘क्स’साठी निराळे अक्षर होते, युबिया बेटासारख्या पश्चिमी परंपरेच्या भागांत हीच फुली ‘क्स’ म्हणून वाचली जाई. युबियातून गेलेल्या लोकांनी आजच्या नेपल्सजवळ क्युमी ही वसाहत केली. त्यांच्या वळणाची लिपी इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी उचलली आणि त्यांच्याकडून ती रोमनांकडे गेली. अथेन्सने मात्र इ.स.पू. ४०३ मध्ये आयोनियन लिपी अधिकृत केली. म्हणून आजचा ग्रीक माणूस ज्या खुणेला ‘खी’ म्हणतो, तिलाच युरोपचा बाकीचा बराच भाग एक्स म्हणतो. रोमनांच्या जुन्या लिपीत २१ अक्षरे होती आणि त्यांत एक्स अखेरचे. ग्रीक शब्द लिहिण्यासाठी वाय आणि झेड इ.स.पू. पहिल्या शतकात मागाहून जोडले गेले.

नाताळासाठी इंग्रजीत जो ‘एक्समस’ लिहितात, त्यातला एक्स मुळात हा ग्रीक खी आहे. ख्रिस्ताच्या ग्रीक नावाचे ते आद्याक्षर. त्यामुळे या लेखनात ख्रिस्ताचे नाव पुसले जाते ही तक्रार निराधार ठरते. रोमन अंकांतला दहाचा एक्स हाही या अक्षरापासून आला नसावा. काठीवर खाचा पाडून मोजण्याच्या जुन्या पद्धतीतून तो आला आणि अक्षराशी दिसण्यात जुळला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

उच्चाराची खरी भटकंती आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालात सुरू झाली. जुन्या स्पॅनिशमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये एक्स म्हणजे ‘श’. मेक्सिकोतल्या ‘मेशिका’ लोकांचे नाव स्पॅनिशांनी म्हणूनच एक्सने लिहिले. पुढे स्पॅनिशमधल्या त्या ‘श’चा घशातला ‘ख़’ झाला, १८१५ मध्ये स्पॅनिश अकादमीने अशा शब्दांत एक्सऐवजी ‘जे’ (J) हे अक्षर रूढ केले, पण मेक्सिकोने आपला एक्स सोडला नाही. आज तिथले लोक देशाचे नाव ‘मेख़िको’सारखे उच्चारतात, मराठीतले ‘मेक्सिको’ इंग्रजी वळणाचे आहे.

पोर्तुगीजांचा ‘श’ मात्र बोटीत बसून गोव्यात आला. मिशनऱ्यांनी इथल्या भाषा रोमन लिपीत लिहिताना एक्स ‘श’साठी वापरला आणि रोमी कोंकणीत तो आजही तसाच आहे. ‘शीत’ म्हणजे भात एक्सने लिहितात, केपे तालुक्यातल्या शेल्डे गावाचे रोमन नावही एक्सनेच सुरू होते. हॉटेलच्या मेनूवरची शागोती याच स्पेलिंगमुळे बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडी ‘झाकुटी’ होते. त्यात दोष पाहुण्यांचा नाही. फ्रान्सिस झेवियरचे नाव स्पेनमधल्या नव्हारातल्या हाविएर या ठिकाणावरून पडले. तेच नाव पोर्तुगीजांच्या तोंडी ‘शाव्हिएर’ आणि इंग्रजीच्या वळणाने मुंबईत ‘झेवियर’ झाले. चीनने १९५८ मध्ये स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन लिपीतल्या लेखनातही एक्स ‘श’च्या जवळचाच आहे, शीआन शहराचे नाव त्याने सुरू होते. व्हिएतनामीत तो ‘स’ आहे, तर दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत जिभेच्या कडेने काढलेला टकारा.

गणितात अज्ञात राशीसाठी एक्स रूढ झाला तो रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञ-गणितज्ञामुळे. त्याच्या १६३७ च्या ‘भूमिती’त ज्ञात राशींना वर्णमालेची सुरुवातीची अक्षरे आणि अज्ञातांना शेवटची आहेत. त्याच्या आधी फ्रान्स्वा व्हिएतने अज्ञातांना स्वर दिले होते. भारतीय परंपरेत भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त पहिले अज्ञात ‘यावत्तावत्’ आणि पुढची ‘कालक’, ‘नीलक’ अशी रंगांच्या नावांची आहेत. देकार्तच्या छापखान्यात एक्सचे खिळे जास्त होते, किंवा अरबी ‘शय’ म्हणजे ‘वस्तू’ या शब्दावरून एक्स आला, या दोन्ही कथा लोकप्रिय आहेत. पुरावा दोहोंनाही नाही. मराठी बीजगणिताने या जागी ‘क्ष’ बसवला. ‘अमुक एक क्ष व्यक्ती’ हा बोलण्यातला प्रयोगही त्याच जातीचा.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेनला अनोळखी किरण सापडले आणि त्याने गणितातली ही सवय वापरून त्यांना एक्स-किरण म्हटले. १९०१ चे भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल त्याला मिळाले, जर्मनांनी किरणांना त्याचेच नाव दिले, तरी जगभर तात्पुरते अक्षरच टिकले. मराठीत त्याचे ‘क्ष-किरण’ झाले, बोलताना मात्र सगळे ‘एक्स-रे’च म्हणतात. त्याआधी १८९१ मध्ये हेरमान हेंकिंग या जर्मन जीवशास्त्रज्ञाला एका कीटकाच्या पेशींत न उमगलेला घटक दिसला, त्यालाही त्याने एक्स म्हटले. तोच पुढे एक्स गुणसूत्र ठरला.

हरवलेल्या गोष्टीच्या जागीही हे अक्षर बसते. गुलामगिरीत पूर्वजांचे आफ्रिकी आडनाव पुसले गेले म्हणून माल्कम एक्स या कृष्णवर्णीय अमेरिकी नेत्याने हे अक्षर आपल्या नावापुढे लावले. भारतीय रेल्वेत त्याचा अर्थ अगदी उलट, काहीही हरवलेले नाही असा: प्रवासी गाडीच्या शेवटच्या डब्यामागे मोठा एक्स रंगवलेला असतो आणि तो दिसला की गाडी पूर्ण गेली, मागे एकही डबा सुटला नाही, हे स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला कळते. जुलै २०२३ मध्ये ट्विटरनेही हेच नाव घेतले. मराठी वर्तमानपत्रांना मात्र त्यापुढे कंसात ‘पूर्वीचे ट्विटर’ असे लिहावे लागले.