वाऱ्यातील डीएमई आर्क

जमिनीवरील डीएमई (विमानाला अंतर सांगणारे रेडिओ उपकरण) केंद्रापासून ठरावीक अंतर राखून वर्तुळाच्या कंसावरून विमान नेण्याच्या पद्धतीला डीएमई आर्क म्हणतात. केवळ उपकरणांच्या आधारे विमानतळाकडे येताना अंतिम टप्प्याच्या रेषेपर्यंत पोहोचण्यासाठी तिचा उपयोग होतो. कंसाची त्रिज्या सहसा ७ सागरी मैलांहून कमी नसते.

प्रत्यक्षात कोणी अखंड वळत राहत नाही. हेडिंग (नाकाची दिशा) १० अंशांनी बदलायचे, व्हीओआरवर (केंद्रापासूनची दिशा दाखवणारे रेडिओ उपकरण) १० अंश पुढचे रेडियल (केंद्रातून निघणारी, दर अंशाला एक अशी दिशारेषा) लावायचे, सुई मध्यावर आली की पुन्हा तेच. अशा लहान सरळ तुकड्यांतून कंस साधतो. सरळ उडणारे विमान हळूहळू कंसाबाहेर सरकते, म्हणून किंचित आतल्या बाजूला राहिलेले बरे: तिथून नुसते हेडिंग धरून ठेवले तरी कंस आपणहून गाठला जातो. बाहेर गेलेल्याला मात्र केंद्राकडे मुद्दाम वळावे लागते.

वाऱ्याची खरी अडचण अशी, की तो एकाच दिशेने वाहत असला तरी विमानाला दर काही मिनिटांनी वेगळ्या बाजूने लागतो. समजा त्रिज्या १० सागरी मैल, हवेतील वेग १२० नॉट (तासाला १२० सागरी मैल), पश्चिमेचा वारा २० नॉट आणि विमान घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते आहे. केंद्राच्या उत्तरेला तोंड पूर्वेकडे, वारा पाठीमागून. १० अंशांचा तुकडा ४५ सेकंदांत संपतो. पूर्वेला पोहोचल्यावर तोच वारा विमानाला बाहेर ढकलतो आणि नाक सुमारे १० अंश केंद्राकडे ठेवावे लागते. दक्षिणेला तो समोरून येतो, तेव्हा तेवढ्याच तुकड्याला ६३ सेकंद लागतात. घड्याळ लावून वळणाऱ्याचा कंस इथेच बिघडतो.

आरएमआय (सुईने केंद्राची दिशा दाखवणारे उपकरण) असल्यास काम सोपे होते. वारा नसताना सुई पंखाच्या टोकावर, म्हणजे नाकापासून ९० अंशांवर राखतात. वारा बाहेर लोटत असेल तर ती टोकाच्या पुढे ठेवायची, आत लोटत असेल तर मागे. वरच्या उदाहरणात पूर्वेला ती ८० अंशांवर दिसेल. अंतर अर्ध्या मैलाने चुकले, तर ही जागा आणखी १० ते २० अंशांनी बदलतात. डीएमईवरच्या मैलाच्या दशांशाच्या प्रत्येक आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या (उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) परीक्षेतही १ सागरी मैलाची सूट असते.

कंस सोडून अंतिम टप्प्याच्या रेषेवर कधी वळायचे? १० मैलांवर कंसाच्या एका मैलात साधारण ६ रेडियल मावतात. १२० नॉट ग्राउंडस्पीडला (जमिनीच्या सापेक्ष वेग) प्रमाणित वळणाची (सेकंदाला ३ अंश) त्रिज्या ०.६ मैल, म्हणून सुमारे ४ रेडियल आधी वळावे. वारा पाठीमागून असेल तर थोडे आणखी आधी.

उपग्रहाधारित मार्गांतील आरएफ लेग हा वक्र मार्ग मात्र सलग वळणाचा असतो आणि तिथे वाऱ्याचा हिशेब विमानाच्या कलण्यात उमटतो. २ मैल त्रिज्येवर १०० नॉट ग्राउंडस्पीडला सुमारे ४ अंश कल पुरतो, १४० नॉटला ८ लागतात.