चार भाषा, चार बटणं

सोलापुरात अशोक चौकातून विजापूर वेशीपर्यंत रिक्षानं गेलात, तर वाटेत तेलुगू, कन्नड, मराठी आणि दख्खनी उर्दू कानावर पडते. ('काय बे' मात्र सगळ्यांचं सामाईक.) अशा शहरात मतं मोजायची कशी, हा नुसता राजकारणाचा प्रश्न नाही, गणिताचाही आहे.

एक काल्पनिक प्रभाग घ्या. मतदान १०,०००: तेलुगू ४,०००, मराठी ३,५००, उर्दू २,५००. जागा चार, आणि प्रत्येक मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक अशी चार मतं. प्रत्येकानं फक्त आपल्याच माणसांना मत दिलं, तर चारही जागा तेलुगू पॅनलला जातात! कारण अ, ब, क, ड या चार स्वतंत्र लढती. 'अ'मध्ये जे ४,००० पुढे, तेच 'ड'मध्येही पुढे. उरलेल्या ६,००० जणांच्या पदरी शून्य.

हीच मतं द'होंट पद्धतीनं, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा वाटून, मोजू. प्रत्येक गटाच्या मतांना १, २, ३ असं भागत जायचं आणि सगळ्यांत मोठे चार भागाकार घ्यायचे: ४,०००, ३,५००, २,५०० आणि ४,०००च्या निम्मे २,०००. निकाल दोन-एक-एक. एकाही मतदारानं मत बदललेलं नाही.

प्रत्यक्षात ४-० सहसा होत नाही, कारण पक्षांनाही हे गणित कळतं. पॅनलमध्ये एखादं तेलुगू पद्मशाली आडनाव, एखादं लिंगायत, एखादं मुस्लीम, असं मिश्रण येतं आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या गल्लीत हात जोडत फिरावं लागतं. डोनाल्ड हॉरोविट्झ हे राज्यशास्त्रज्ञ नेमका याच गोष्टीवर भर देतात: परक्या समाजाची मतं मिळवल्याशिवाय जिंकता येऊ नये. अरेंड लाइपहार्ट यांचा मार्ग वेगळा. प्रत्येक समाजाला सत्तेत आधीच वाटा द्या, म्हणजे कुणाला भीती उरत नाही.

वाट्याचा मार्ग कुठे अडतो, ते बोस्नियातल्या मोस्तारमध्ये दिसतं. युद्धात नेरेत्वा नदीवरचा जुना पूल १९९३ साली पडला आणि शहर क्रोएट व बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लीम) असं दुभंगलं. २००४च्या नियमांनुसार ३५ जणांच्या नगर परिषदेत कोणत्याही एका समाजाला १५पेक्षा जास्त जागा नाहीत. बोस्नियाक, क्रोएट, सर्ब यांना किमान चार-चार. इथवर ठीक. पण सहा विभागांना लोकसंख्या न बघता तीन-तीन जागा दिल्या, आणि मध्यवर्ती भागातल्या मतदाराला इतरांसारखी दोन मतं न देता एकच. २०१०मध्ये घटनात्मक न्यायालयानं हे चुकीचं ठरवलं. नवा नियम काय करायचा, यावर पक्षांचं जमेना. २००८नंतर निवडणूकच नाही! महापौर जुनाच, परिषद गायब. शेवटी इर्मा बारालिया या शिक्षिकेनं युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली, २०१९मध्ये तिथे जिंकल्या आणि २० डिसेंबर २०२० रोजी मतदान झालं.

बारा वर्षं ऐकून हसू नये. सोलापूर महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता.

माझं मत हॉरोविट्झकडे झुकतं, तेही अर्धंच. मिश्र पॅनल उभं राहिलं तरी मतदार बटण पॅनलला नाही, नावाला दाबतो. तीन बटणं पक्षाची आणि चौथं आपल्या आडनावाचं, हे आपल्याकडे कुणाला नवं नाही. मशीन मात्र चारही मतं झाल्याशिवाय शेवटची शिट्टी देत नाही. तोवर आतला माणूस विचार करत उभा, आणि बाहेरची रांग ओरडते, 'अरे, आटप की बे!'