बेंबी फुगली की जांघेत गाठ आली? दोन्ही हर्निया, पण घाई एकाचीच

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत एक आजी चार महिन्यांच्या नातवाला पुढे करून म्हणाली, "बाय, पोराची बेंबी भायर इली." झबलं वर केलं तर पोटाला कापडाची पट्टी आणि पट्टीखाली रुपयाचं नाणं. आषाढातल्या दमट हवेत नाण्याखालची कातडी ओलसर, लालभडक झालेली. बाळ रडलं की बेंबी लिंबाएवढी व्हायची, बोटाने हलकेच दाबली की आत जायची. मग वजनासाठी लंगोट सोडला आणि उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ दिसली. "ती मधी मधी येता नि जाता," आई म्हणाली. चार महिने घरात काळजी चालली होती ती बेंबीची. मला भीती वाटली ती त्या सुपारीएवढ्या गाठीची.

पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतडं बाहेर डोकावलं की डॉक्टर त्याला हर्निया म्हणतात. बेंबी असो की जांघ, दोन्हीला नाव एकच, तिथेच गोंधळ होतो. नाळ पडल्यावर बेंबीमागची कडी हळूहळू आवळत जाते. ती मिटेपर्यंत बाळ रडलं, खोकलं किंवा शी करताना कुंथलं की आतडं त्या फटीतून पुढे डोकावतं. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांत हे जास्त दिसतं. बहुतेकांची कडी 4-5 वर्षांपर्यंत आपोआप बंद होते. भोक दीड सेंटिमीटरपेक्षा मोठं असेल किंवा त्या वयानंतरही राहिलं, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. इथे आतडं अडकणं फारच क्वचित. नाण्याने कडी लवकर मिटत नाही. घाम साचतो, चट्टे उठतात, कधी पू होतो. आजी मायेनेच बांधते, म्हणून तिला रागावू नये, समजावून पट्टी सोडायला लावावी.

जांघेतल्या हर्नियाची गोष्टच वेगळी. जुनी माणसं त्याला अंतर्गळ म्हणतात. मुलाची वृषणं पोटात तयार होतात आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जांघेतून खाली उतरतात. उतरताना पोटाच्या अस्तराची एक नळी सोबत येते. ती जन्माच्या सुमारास मिटायला हवी. उघडी राहिली की तिच्यातून आतडं खाली सरकतं. उजवं वृषण मागाहून उतरतं, म्हणून ही गाठ उजवीकडे जास्त. मुलींतही होते, आणि त्यात कधी अंडाशय उतरलेलं असतं. "मोठा झाला की जाईल" हे बेंबीला लागू, इथे अजिबात नाही. हा हर्निया आपणहून बरा होत नाही, आणि अडकण्याचा धोका पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, वृषणालाही इजा होते.

गाठ टणक झाली, आत जाईना, बाळ हात लावू देईना, रडणं थांबेना, हिरवट उलटी झाली किंवा पोट फुगलं, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. जोर लावून गाठ आत ढकलू नका. वाटेत दूधही पाजू नका, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

अंडकोषात पाणी साचूनही सूज येते, आणि ती बरेचदा वर्ष-दीड वर्षात ओसरते. टॉर्च लावून उजेड आरपार दिसला म्हणजे पाणीच, असं घरी ठरवू नये. तान्ह्या बाळाच्या आतड्यातूनही उजेड दिसू शकतो.

शस्त्रक्रियेचं नाव काढलं की घर गप्प होतं. पण लहान मुलांत मोठ्यांसारखी जाळी बसवत नाहीत. जांघेत छोटा छेद देऊन ती उघडी राहिलेली नळी वरच्या बाजूला बांधून टाकतात. खरी अडचण अंतराची. तान्ह्या बाळाला भूल देणारे आणि मुलांचे सर्जन तालुक्यात सहसा नसतात, म्हणून सिंधुदुर्गातली पुष्कळ माणसं गोव्यातलं बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय गाठतात. गाठ मऊ आहे, आत जाते आहे, तेव्हाच तारीख घेतली तर हा प्रवास दिवसाउजेडी होतो. जाताना मोबाईलवर गाठीचा फोटो काढून न्या. डॉक्टरांसमोर ती नेमकी दडून बसते.

त्या बाळाची जांघ पाचव्या महिन्यात शिवली. बेंबीला कुणी हात लावला नाही. बालवाडीत जायला लागला तोवर ती आपोआप बसली होती.