चांदरचे ब्रागांझा घर: राजाच्या खुर्च्या आणि संपादकाची पुस्तके

मडगावहून दहा-बारा किलोमीटर आत गेले की चांदर लागते. तिथल्या चर्चसमोरच्या मैदानाची एक बाजू एकाच घराने व्यापली आहे. वरच्या मजल्यावर खिडक्यांची लांबच लांब रांग, मधोमध दरवाजा, आत गेल्यावर जिना आणि जिन्याच्या दोन्ही अंगांना दोन बिऱ्हाडे. पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा, पूर्वेकडे ब्रागांझा परेरा. पर्यटक या घराला संग्रहालय म्हणतात, पण सरकारने ताब्यात घेऊन, वस्तू गोळा करून उभारलेले हे संग्रहालय नाही. घराण्याने राहत्या घराचे दार लोकांसाठी उघडले, एवढेच झाले. ते का उघडावे लागले, हे कळायला बरेच मागे जावे लागते.

चांदर म्हणजे जुने चंद्रपूर. भोजांची राजधानी इथे होती, पुढे कदंबांची. अकराव्या शतकात कदंबांनी राजधानी समुद्राजवळ, गोपकपट्टणला नेली आणि चंद्रपूर मागे पडले. गावातल्या कोट भागात मस्तक तुटलेला दगडी नंदी अजून आहे. इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी १९२९ साली इथे उत्खनन केले, तेव्हा विटांच्या देवळाचे अवशेष मिळाले. कार्निव्हालात याच गावचे ख्रिस्ती लोक मुसळे घेऊन 'मुसळ खेळ' नाचतात. धर्म बदलला तरी गावाची आठवण कशी टिकून राहते, ते बघायचे असेल तर तो नाच बघावा.

१५४३ मध्ये सासष्टी, म्हणजे चांदर ज्यात येते तो गोव्याचा दक्षिणेकडचा महाल, आदिलशाहीकडून पोर्तुगिजांकडे गेली. १५६७ च्या सुमारास इथली देवळे पाडली गेली आणि गावेच्या गावे बाटली. जुन्या गावकरी घराण्यांपैकी ज्यांनी नवा धर्म घेतला, त्यांच्या जमिनी आणि गावातले वजन शाबूत राहिले. ब्रागांझा घराचा उगम याच काळात आहे. घराणे आपली मुळे सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत नेते. आज दिसणारी दिवाणखान्यांची श्रीमंती मात्र नंतरच्या पिढ्यांनी साठवलेली आहे. नावही बघण्यासारखे आहे. ब्रागांझा हे १६४० पासून १९१० पर्यंत पोर्तुगालवर राज्य करणाऱ्या राजघराण्याचे नाव.

पूर्वेकडच्या भागात त्या राजघराण्याची छाया ठळक आहे. नाचगाण्याचा मोठा दिवाणखाना, रंगवलेले छत, इटालियन संगमरवराची जमीन, बेल्जियन काचेची झुंबरे. तिथल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या राजा दों लुईश याने घराण्याला दिल्या, असे सांगतात. घरच्या प्रार्थनाघरात संत फ्रान्सिस झेवियर यांचे नख जपून ठेवले आहे.

मला स्वतःला जिन्याची दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. पश्चिमेकडचे घर मातामहाकडून लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८) यांच्याकडे आले. गोव्यातले पहिले दैनिक 'ओ हेराल्दो' १९०० साली मेसियस गोमिश यांनी सुरू केले, तेव्हा हा तरुण त्यांच्यासोबत होता. १९११ मध्ये त्यांनी 'ओ देबात' काढले आणि १९२८ मध्ये 'प्रकाश'. हा काळ मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावा. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही कोसळली आणि गोव्यातल्या हिंदूंना समान हक्क मिळाले. दक्षिण गोव्यातल्या केपे गावाहून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे 'भारत' हे मराठी पत्र १९१२ मध्ये निघाले. एकीकडे पोर्तुगीज लिहिणारा चांदरचा भाटकार, म्हणजे जमीनदार, आणि दुसरीकडे मराठी लिहिणारा केप्याचा संपादक, दोघेही एकाच मोकळ्या हवेत श्वास घेत होते.

ती हवा फार दिवस टिकली नाही. १९३० मध्ये पोर्तुगालचा पुढे हुकूमशहा झालेल्या सालाझारच्या वसाहत कायद्याने गोवेकरांना पुन्हा दुय्यम ठरवले. त्याच वर्षी मिनेझिस ब्रागांझा यांनी विधिमंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. त्यांची मुलगी बेर्टा आणि आप्त त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा हे पुढे मुक्तिलढ्यात उतरले. राजाच्या खुर्च्या आणि राजसत्तेला आव्हान देणाऱ्याचा ग्रंथसंग्रह यांच्यामध्ये फक्त एक जिना आहे. गोव्यातली जुनी ख्रिस्ती घराणी सरसकट पोर्तुगीजधार्जिणी होती, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. तसे बोलणाऱ्याने हा जिना एकदा चढावा. सुमारे पाच हजार पुस्तकांचा हा संग्रह गोव्यातल्या सर्वांत मोठ्या खाजगी ग्रंथालयांत गणला जातो.

१९५० च्या सुमारास या शाखेने गोवा सोडला आणि मुक्तीनंतर ती परतली. १९६३ मध्ये पणजीच्या वास्को द गामा संस्थेला मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव दिले गेले. नावाचा असा मान झाला, पण घराचे उत्पन्न त्याच वर्षांत आटत गेले. १९६४ च्या कूळ कायद्याने खंडाला, म्हणजे कुळाने मालकाला द्यायच्या वाट्याला, मर्यादा आली, १९७५ च्या कायद्याने मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, राहत्या जागेतून हुसकावणे थांबले आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा जमिनीचा मालक झाला. हे व्हायलाच हवे होते. पिढ्यान् पिढ्या भाटकाराच्या दयेवर राहिलेल्या माणसाला हक्काचे छप्पर मिळाले. पण भाताच्या खंडावर आणि नारळावर चालणाऱ्या या अवाढव्य घरांचा आधार त्यामुळे गेला, हेही खरे.

त्यात वारशाचा प्रश्न. पोर्तुगीज नागरी कायद्यात मुलगे-मुली सारखेच वारस, आणि ते तत्त्व गोव्यात आजही चालते. न्याय्य आहे, पण चार पिढ्यांत एका घराचे कितीतरी मालक होतात. कुणी लिस्बनला, कुणी मुंबईत. विकायचे तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, दुरुस्तीचा खर्च मात्र गावात राहणाऱ्यावर. अशी कितीतरी घरे सासष्टीत कुलुपात पडून आहेत. केप्याचा डीनचा वाडा किंवा लोटलीचे आराउजो आल्वारिस यांचे घर लोकांसाठी खुले झाले, हे म्हणून मोठे भाग्य.

चांदरच्या घराने दार उघडले आणि येणाऱ्यांच्या पैशांतून डागडुजीला हातभार लागू लागला. जांभ्याच्या भिंती दमट हवेत पाणी धरतात. पावसाळ्याआधी कौलांची शाकारणी चुकली तर ते पाणी आधी छतावर उतरते आणि मग कपाटांवर. चिनी मातीची भांडी पुसून ठेवता येतात, खुर्चीला नवे वेत भरता येते. भिजलेले किंवा वाळवीने खाल्लेले पुस्तक परत आणता येत नाही. इथे जाल तेव्हा झुंबरे बघून लगेच फिरू नका. पश्चिमेकडच्या त्या कपाटांसमोर थोडे थांबा, आणि निघताना मदतीच्या पेटीत सढळ हाताने टाका.